थर्मल पेस्ट आणि माझा राग

थर्मामीटरचा सेल संपला नसता तर मला माझा नवरा सापडला नसता.

मे महिन्यातलं जळगाव. सकाळचे दहाच वाजले होते, पण रिक्षाच्या सीटला हात लावला की चटका बसत होता. मित्राला, माझ्या सात महिन्यांच्या लेकीला, आईजवळ ठेवून मी गोलाणी मार्केटला आले होते. बटणाएवढा सेल घ्यायचा आणि आल्या पावली परत फिरायचं. बंद थर्मामीटर असलेल्या घरात मला झोप लागत नाही. हसायचं त्यांनी हसावं... नाही लागत.

मोबाईलवाल्यांच्या ओळीत अभिमनभाऊंचं दुकान. त्यांच्या काउंटरशी एक पाठ उभी होती. निळ्या चौकडीचा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला, आणि कॉलरचं एक टोक आत दुमडलेलं. ते टोक बाहेर काढायला माझा हात आपोआप पुढे झाला... आणि मग मला आठवलं, की या माणसाशी माझं भांडण आहे.

धम्मपाल. माझा नवरा. धुळ्याच्या वीज कार्यालयात इंजिनीअर. परवाच फोनवर म्हणाला होता, "पावसाळ्याआधीची लाइनची कामं निघालीत गं, सुट्टीच मिळत नाही."

आणि त्याच्यासमोर काउंटरवर, जुन्या टॉवेलात गुंडाळून, अगदी तान्ह्या लेकरासारखा निजवलेला — तो काळा डबा. त्याचा गेम कन्सोल.

"सुट्टी मिळाली वाटतं?" मी म्हणाले.

तो वळला. चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग लगेच भीती. दोन्ही मी नीट बघून घेतलं.

"मृणाली! तू इथं? मित्रा कुठंय? बरी आहे ना ती?"

"बरी आहे. तिच्यासाठी सुट्टी मिळत नाही तुम्हाला. डब्यासाठी मिळते."

एरवी मी त्याला 'तू' म्हणते. रागावले की 'तुम्ही'.

अभिमनभाऊ चष्म्यावरून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. "वहिनी शेतस का या?" त्यांनी हळूच विचारलं.

"चौकशी चालू आहे," मीच उत्तर दिलं.

भाऊ हसले. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं आणि कामाचं बोलले. "डबा तापस नि बंद पडी जास म्हनतस हे. आत कचरा अडकला असेल, चिपवरची पेस्ट वाळली असेल. साफ करून नवी पेस्ट लावली की झालं. पण आज नाही होणार वहिनी, उन्हानं मोबाईल फुगून आले आहेत लोकांचे... ठेवून जा. पुढच्या हप्त्यात बघू."

"ठेवतो," धम्मपाल म्हणाला.

"नाही ठेवायचा," मी म्हणाले.

हा डबा मी ओळखत होते. चांगलाच ओळखत होते.

लग्न झालं तेव्हा त्याच्या सामानात दोन बॅगा आणि हा डबा. मला तेव्हा गंमत वाटली होती. बघायला आला तेव्हा सगळ्या मोठ्या माणसांसमोर त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला गेम खेळायला आवडतात का?" मी म्हणाले होते, "हरायला आवडत नाही." पहिल्या वर्षी आम्ही दोघं रोज संध्याकाळी शेजारी बसून गाड्या पळवायचो. मी त्याची गाडी कठड्याला घासत न्यायची, तो ओरडायचा, आणि खालच्या काकू झाडू आपटायच्या... तेव्हा तो डबा माझाही होता.

मग मित्रा झाली. बाळंतपण माहेरी, जळगावला. मार्चमध्ये मी तिला घेऊन धुळ्याला परतले. वरच्या मजल्याचं घर, डोक्यावर उघडा स्लॅब. एप्रिल लागला तशा भिंती रात्रीही गरम. कूलर एकच. तो मित्राच्या पाळण्याकडे तोंड करून ठेवलेला असायचा, चोवीस तास.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी त्याला म्हणाले, "मी अंघोळ करून येते, तिच्याकडे बघ."

"हं," तो म्हणाला. टीव्हीकडे बघत.

बाहेर आले तर मित्रा लाल झालेली. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे, अंग तव्यासारखं. आणि कूलरचं तोंड... कूलरचं तोंड त्या डब्याकडे. डबा तापून सारखा बंद पडत होता ना. म्हणून त्यानं कूलर जरासा फिरवला होता. "पाचच मिनिटं," तो नंतर म्हणाला. पाच नव्हती. खेळताना कुणाला पाच मिनिटं कळतात?

दवाखाना, सलाईन, त्या एवढ्याशा हातावर चिकटपट्टी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेतलं आणि माहेरी आले. दीड महिना झाला त्याला. आमच्याकडे रागावून आलेली लेक आपण होऊन परत जात नाही. न्यायला यावं लागतं. आई दर शनिवारी धुळ्याच्या बसच्या वेळेला अंगण झाडायला काढायची. मी मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसायची, आणि खिडकी उघडी ठेवायची.

आणि हा आला तो डब्याला घेऊन!

मी टॉवेलासकट डबा उचलला. चांगला जड होता.

"हा मी नेते," मी म्हणाले. "हवा असेल तर घरी यायचं. न्यायला."

"मृणाली, अगं..."

"न्यायला यायची सवय नाही ना, म्हणून सांगते. बेल वाजवायची. दार उघडेल."

अभिमनभाऊंनी पटकन कागदात थर्मल पेस्टची ट्यूब आणि चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर गुंडाळून त्याच्या हातात दिला. "पळा साहेब," ते म्हणाले, "रिक्षा सुटनी."

सेल घ्यायचा मात्र राहूनच गेला. त्याबद्दलही मी त्याच्यावरच चिडले.

घरी पोचल्यावर खिडकीच्या जाळीतून मी बघत होते. मागच्या रिक्षातून तो उतरला, फाटकाशी थांबला. केस नीट केले. फाटकाची कडी धरली, सोडली. पुन्हा धरली. मला वाटलं, आता हा परत जातो की काय. मी जाळीला नाक टेकवलं आणि त्याचाही मला राग आला.

बेल वाजली.

"जय भीम, आई."

"जय भीम, जय भीम! या धम्मपालराव, या, आत या, ऊन बघा केवढं..." आईच्या आवाजात नुसती लगबग. "मृणाली! अगं, न्यायला आले गं!"

"डबा न्यायला आलेत," मी आतून सांगितलं.

आईनं ऐकलं नाही. आईला ऐकायचंच नव्हतं. पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून जाडसर पिठाचा वास येऊ लागला. जावयासाठी वरण-बट्टी. एवढ्या उन्हात, बट्ट्या उकडायच्या, मग तळायच्या. मी सहा आठवड्यांत किती वेळा मागितली असेल? "उन्हाळ्यात कसली बट्टी गं," हेच उत्तर.

तो बैठकीत आला तेव्हा मी सतरंजीवर मित्राला घेऊन बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तो मोरीवर गेला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नॅपकिनला पुसले. मग सतरंजीच्या पार त्या टोकाला, भिंतीला टेकून बसला. लेकीला घ्यायला हात पुढे केला नाही, नावानं हाकही मारली नाही. नुसता बघत राहिला.

मित्रानं त्याच्याकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. विसरली होती ती त्याला. मला वाटलं होतं, हे बघून मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

"दात आला?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"दोन. फोटो पाठवला होता आईनं."

"फोटोत एकच दिसत होता."

डबा ओढून मधे घेतला. "उघडा. काय करायचं ते करा आणि न्या."

त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिलाच स्क्रू असा पिळला, की मला कळलं, हा त्याची खाच झिजवून टाकणार.

"अहो, ट्रान्सफॉर्मर आहे का तो? द्या इकडे."

"जमेल मला."

"नाही जमत. इलेक्ट्रॉनिक्स मी केलंय. तीन वर्षं. द्या."

"प्रॅक्टिकलला पार्टनर कोण होता तुझा?"

"होता एक रवींद्र."

"हं?... कसा होता?"

"त्याच्या हातून स्क्रू बिघडत नव्हते."

तो गालात हसला. मी नाही हसले. म्हणजे दिसू दिलं नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू मी झाकणाच्या डबीत टाकून झाकण घट्ट लावत होते. रांगतं लेकरू घरात असलं की जमिनीवरची प्रत्येक बारीक वस्तू आपल्याकडे डोळे वटारून बघत असते.

वरचं झाकण निघालं. पंख्यात करड्या धुळीचा नमदा बसला होता, बोटानं सोलावा इतका जाड. त्याखाली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्यांची रांग; ती तर पूर्ण बुजलेली. मी जुन्या टूथब्रशनं खरवडायला लागले. धूळ सुटेना. वाळलेल्या चिखलासारखी घट्ट, आणि तिच्या कडांना पांढरं पांढरं काहीतरी. नखानं टोकरलं. क्षार.

मी ब्रश खाली ठेवला.

"हे काय आहे, माहीत आहे?"

"धूळ..."

"धूळ कोरडी असते. हा चिखल आहे. हे बोरिंगच्या पाण्याचे क्षार आहेत. कूलरचे!" माझा आवाज चढला. "ओली हवा सोडत होतात तुम्ही याच्यात. ओली हवा आणि धुळ्याची धूळ. त्यानं हा थंड होत नव्हता, बुजत होता. जितका कूलर लावलात तितका जास्त तापला! माझ्या लेकीचं वारं काढून याला दिलंत, आणि ते याच्याही कामाचं नव्हतं! कोणाच्याच कामाचं नव्हतं!"

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

तो 'अगं, मला काय माहीत' म्हणाला नाही. 'झालं ते झालं' म्हणाला नाही. तसं म्हणाला असता तर मी तो डबा अंगणात फेकणार होते, खरंच.

"हो," तो म्हणाला. "कोणाच्याच कामाचं नव्हतं."

आईचं लाटणं पुन्हा सुरू झालं.

मी पंख्याची पाती बोटानं धरून ठेवली आणि फुंकर मारून मारून पत्रे मोकळे केले. धूळ उडाली, मला शिंका आल्या; त्यानं न बोलता मित्राची दुपटी उचलून लांब कोपऱ्यात सरकवली, तिलाही सरकवलं. मग मी पत्र्यांचा तो सगळा ठोकळा उचलला. खाली ती चिप. तिच्यावरची जुनी पेस्ट वाळून चुन्यासारखी तडकलेली, कडेला पोपडे सुटलेले. इथेच खरं दुखणं होतं. चिपची ऊब पत्र्यांपर्यंत पोचतच नव्हती.

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. हळूहळू, मधून बाहेर, एकाच दिशेनं. करडा थर सुटत गेला. खालून काचेसारखा चकचकीत चौकोन वर आला. दुसरा बोळा. तिसरा. कोपऱ्यातला एक हट्टी ठिपका... कॉलेजच्या लॅबमधला तोच वास, तीच शांतता. किती दिवसांत माझे हात फक्त एकाच गोष्टीवर होते. ना दूध, ना ताप, ना लंगोट. फक्त तो चौकोन आणि त्यात दिसणारं माझं नाक.

मान वर केली तर सतरंजी रिकामी.

दुपटी रिकामी. कोपरा रिकामा. तोही नाही, मित्राही नाही.

"मित्रा!"

स्क्रूची डबी बंद होती, हे मी आधी बघितलं. मग धावले. आई कढईजवळ एकटीच. मधली खोली रिकामी. मागचं दार उघडं...

मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत, तो पाटावर बसला होता. पुढ्यात घमेल्यात पाणी. पाण्यात मित्राचे दोन गुबगुबीत पाय. तिच्या डोक्यावर ओला रुमाल. आणि तो वाटी-चमच्यानं तिला घोट घोट पाणी पाजत होता. प्रत्येक घोटाला ती त्याच्या घड्याळावर थाप मारत होती. ओठ थरथरत नव्हता. दोन्ही दात दिसत होते.

"सांगून जायचं ना!" मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या गच्चीवरचं कबूतर उडालं. "जीव गेला असता माझा! सांगता येत नाही?"

"सांगितलं होतं."

"कधी? मला?"

तो थांबला. सांगू की नको, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "तू... 'हं' म्हणालीस."

उन्हात उभं राहून माझे तळवे भाजत होते. मी हलले नाही.

म्हणाले असेन. ऐकलं नव्हतं मी. तो बोलला असेल, माझ्या तोंडून 'हं' निघालं असेल, आणि मी त्या चौकोनात बुडालेली.

"मी टोमणा मारत नाहीये," तो घाईनं म्हणाला. "मृणाली, तसं नाही. तुझ्या 'हं'ला मी होतो इथं. माझ्या 'हं'ला तिथं कोणी नव्हतं. ते दोन सारखे नाहीत. मला माहीत आहे."

मला हेच म्हणायचं होतं. शब्दन् शब्द. तोच म्हणाला, आता मी काय म्हणू?

"रडतेस?"

"स्पिरिट गेलंय डोळ्यात. आणि चमचा उकळला होता का?"

"आईंनी दिला. उकळून."

"...सावलीत सरक अजून. तिच्या पायावर ऊन येतंय."

तो सरकला. मी कधी 'तू'वर आले ते मला कळलं नाही. त्याला कळलं असावं, कारण तो खाली मान घालून पाण्याशी उगाच खेळत बसला.

पेस्ट लावायला त्याला बोलवावं लागलं. ठोकळा सरळ खाली बसायला हवा, दुसरा हात लागतो. मित्रा आता त्याच्या मांडीवर होती, दोन्ही मुठींनी त्याच्या शर्टाचं बटण धरून.

मी ट्यूब दाबली. चिपच्या मधोमध करडा ठिपका.

"एवढीच?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

"अजून लाव की थोडी. परत तापायला नको."

"हे काय तेल आहे, डोक्यावर थापायला? जास्त झाली की बाहेर सांडते. धर. वाकडा नको... डावीकडे. तुझं डावं, धम्मपाल!"

त्याची बोटं माझ्या बोटांवर आली. ठोकळा बसेपर्यंत हलवता येत नव्हती. गरम, खरखरीत, तारा ओढणारी बोटं. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून आवळायचे असतात, थोडे थोडे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. मी जरा जास्तच सावकाश आवळले. कारण तांत्रिक होतं.

"धुळ्यात मिळत नाही का रे ही पेस्ट?" मी स्क्रूकडे बघत विचारलं.

त्यानं मान मित्राकडे वळवली.

"विचारते आहे मी काहीतरी."

"मिळते. ऑफिसच्या समोरच मिळते."

"मग?"

"रिकाम्या हातानं यायला भीती वाटली. मागच्या शनिवारी आलो होतो... तुमच्या कोपऱ्यावर रसवंती आहे ना, तिथपर्यंत. रस प्यायलो आणि परत गेलो. म्हटलं, दार उघडून तू 'का आलात?' विचारलंस तर? काहीतरी कारण हवं होतं. म्हणून डबा आणला. दुकानात टाकणार होतो, आणि 'दुरुस्ती होईपर्यंत आलोय' असं सांगून येणार होतो घरी."

"म्हणजे आम्ही वेटिंग रूम!"

"अगं..."

"रस पिऊन परत गेलास? मी इथं खिडकी उघडी..." मी जीभ चावली. "मी काय खाते माणसांना?"

"नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "कधी कधी."

मित्रा हसली. ती कशालाही हसते. तरी मला ते फितुरीसारखं वाटलं.

आईनं ताटं घेतली. कुस्करलेल्या बट्टीवर वरण, त्यावर तूप, बाजूला वांग्याची घोटलेली भाजी. डबा टीव्हीला जोडून आम्ही जेवायला बसलो. पडद्यावर एक गाडी मोकळ्या रस्त्यावर आपली आपण उभी. आधी दहा मिनिटांत बंद पडायचा. जेवण होत आलं तरी चालू होता. मागून येणारं वारं हाताला कोमट लागत होतं, पंख्याचा आवाज मित्राच्या श्वासाएवढा.

"झाला की हो बरा," आई म्हणाली. "आता खेळा."

तो खेळला नाही. उठून त्यानं बटण बंद केलं.

पाच वाजत आले तसा तो आवरायला लागला. साडेपाचची बस. डबा टॉवेलात गुंडाळला. आईच्या पाया पडला. मित्राच्या तळव्यावर बोट ठेवलं, तिनं ते मुठीत धरलं. तो तसाच थोडा वेळ वाकून उभा राहिला. मग बोट सोडवून दारात गेला आणि चपला पायात सरकवल्या.

आणि 'चल' म्हणाला नाही.

माझं उत्तर तयार होतं. दीड महिना घासूनपुसून तयार ठेवलं होतं. 'नाही येणार. त्या भट्टीत माझी लेक मी पुन्हा नेणार नाही.' आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. ते तसंच तोंडात राहिलं, आणि अख्ख्या दिवसात आला नव्हता इतका राग मला त्या क्षणी आला.

"विचारायचं नाही?"

"काय?"

"येतेस का म्हणून! जगातला कुठलाही नवरा विचारतो!"

"नाही विचारणार," तो म्हणाला. शांतपणे. "त्या घरात मी तुम्हा दोघींना नेणार नाही. ते घर सोडतोय मी."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं तिथंच थांबलं असावं. आवाज आला नाही.

"धुळ्यातच, देवपुरात एक बघितलंय. तळमजल्यावर. मागे कडुनिंब आहे."

"पश्चिमेची भिंत उघडी आहे, की शेजारच्या घराला लागून?"

"...भिंत?"

"दुपारचं ऊन कुठून येतं?"

"ते... बघायला पाहिजे."

"मोरीची फरशी गुळगुळीत आहे का? खिडकीच्या गजांतून लेकराचं डोकं जाईल का? गच्चीचा जिना असेल, त्याला दार आहे का?"

"असेल."

"असेल? मग तू तिथं जाऊन बघितलंस तरी काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा, न घाबरता.

"तू कुठं बसशील ते बघितलं," तो म्हणाला. "पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे. तिथं तू बसशील असं वाटलं. बाकीचं मला दिसतच नाही, मृणाली. तुला जे दिसतं ते मला दिसत नाही. मी शिकेन... पण आज नाही दिसत. म्हणून मालकाला हो म्हटलं नाही. तू बघितल्याशिवाय म्हणणार नाही."

फाटकाबाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.

"माझा राग गेलेला नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"एका दिवसात जाणारा नाहीये तो."

"नको जाऊ दे."

तो शिंदखेड्याकडचा, घरची बोली त्याच्या तोंडात फक्त त्याच्या आईशी बोलताना येते, नाहीतर खूप घाबरला की. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यानं मला कधी 'आवडतेस' म्हटलं नव्हतं. कुठल्याच भाषेत.

"तुनाबिगर माले करमत नही व," तो चपलांकडे बघत म्हणाला. "राग कर. बठ्ठा कर. पन... माना जोडे ऱ्हाईसन कर."

सगळा राग कर, पण जवळ राहून कर म्हणे. असं कोणी मागतं का?

मी मित्राला त्याच्या हातात दिलं. कारण मला हात मोकळे हवे होते. पदर नव्हता, ओढणीनंच तोंड पुसलं.

"चपला काढ," मी म्हणाले.

"बस जाईल ना..."

"जाऊ दे. संध्याकाळच्या गाडीत मी लेकरू बसवत नाही. दिवसभराचा पत्रा तापलेला असतो. सकाळी पहिल्या गाडीनं जायचं, ऊन चढायच्या आत. घर बघायला. राहायला नाही, बघायला. आणि मालकाशी मी बोलेन, तू मित्राला धरायचं."

"बरं."

"आणि हसू नकोस!"

"नाही हसत," तो म्हणाला, आणि लेकीच्या केसांत तोंड लपवलं.

"काय गं, काय ठरलं?" आईनं स्वयंपाकघरातून, जणू काही ऐकलंच नाही अशा आवाजात विचारलं.

"काही ठरलेलं नाही!" मी ओरडून सांगितलं. आतल्या खोलीत गेले, कपाट उघडलं आणि मित्राची बॅग भरायला घेतली. एका दिवसापुरती चार झबली काढली. मग अजून दोन. मग तिची दुपटी, तिची उशी, तिचं खेळणं... लेकरांच्या प्रवासाचं काही सांगता येत नाही.